छोटी रॉकेट मोटर घ्यायच्या आधी

भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही गावातलं आठवी-नववीतलं पोर परदेशी व्हिडिओ बघतं आणि बोटाएवढी रॉकेट मोटर मागतं. ती मागणी हसण्यावारी नेऊ नका. पण पैसे पाठवायच्या आधी हिशेब नीट समजून घ्या.

या मोटरी आकाराने आणि आवेगाने मोजतात. सगळ्यात लहान जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची, त्यावर १३ आणि १८ मिलिमीटरच्या. मोटरवर ‘ए८-३’ असं काही छापलेलं असतं. ‘ए’ म्हणजे एकूण आवेग जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, ८ म्हणजे सरासरी रेटा ८ न्यूटन, आणि ३ म्हणजे जळण संपल्यावर ३ सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडणार. पुढचं प्रत्येक अक्षर दुप्पट ताकदीचं. मोटर एकदाच वापरायची.

अमेरिकेत चार लहान मोटरींचं पाकीट साधारण दहा-पंधरा डॉलरला पडतं. ही किंमत फसवी आहे. आत काळी दारू असते, आणि आपल्या स्फोटक नियम २००८ मध्ये ती स्फोटकांच्या पहिल्याच वर्गात मोडते. बाहेरून मागवायला परवाना लागतो. टपालाने किंवा विमानाच्या सामानातून आणता येत नाही. कुणी इथे विकतो म्हणत असेल तर आधी परवान्याची प्रत मागा. शंका असेल तर ‘पेसो’ला लेखी विचारा; या स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

घरी मोटर बनवणं किंवा दिवाळीच्या रॉकेटमधली दारू काढून वापरणं, याचा विचारही नको. जवाहरनगरची आयुध निर्माणी आपल्याच जिल्ह्यात आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, आणि ती तर प्रशिक्षित माणसं होती. स्वयंपाकघरातल्या प्रयोगाला तेवढंही संरक्षण नसतं.

मग सुरुवात कशाने? माझं मत ठाम आहे: पाण्याच्या रॉकेटने. कोल्ड्रिंकची दीड-दोन लिटरची रिकामी बाटली, पुठ्ठ्याचे पंख, सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, पीव्हीसी पाइपचा लाँचर आणि दाब दाखवणारा उभा पंप. पंपच महाग, ६०० ते १,२०० रुपये. बाकी सगळं मिळून तीनेकशे. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा, दाब ६० पीएसआयच्या वर नेऊ नका आणि दोरी ओढून दुरूनच सोडा. बाटलीला गरम गोंद लावू नका, प्लॅस्टिक कमकुवत होतं. चीर किंवा पांढरट वळ दिसला की बाटली फेका.

पुढची पायरी उंची मोजण्याची. हवेचा दाब टिपणारा सेन्सर शे-दोनशे रुपयांना, त्याचे आकडे वाचणारा छोटा अर्डुइनो बोर्ड अडीचशे-चारशेला, बॅटरी दोनशेच्या आसपास. नागपूरला सीताबर्डीत हे सामान मिळतं. एखाद्या मीटरच्या फरकाने उंची कळते, आणि पोराला आलेख काढायला खरा आकडा मिळतो.

खऱ्या मोटरींची ओढ असेल तर ‘ओपनरॉकेट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ए८ मोटर निवडून रॉकेट उडवता येतं. नाकात थोडं वजन वाढवलं की काय होतं, शेपूट जड केली तर रॉकेट का गडगडतं, हे एक रुपया न घालवता शिकता येतं.

पुढे कॉलेजात गेल्यावर ‘इन-स्पेस’ या सरकारी अंतराळ संस्थेची मॉडेल रॉकेट स्पर्धा आहे. तिथे मोटर संस्थेच्या देखरेखीखाली उडते. ती वाट धरायची तर जागेचाही हिशेब ठेवा: अमेरिकी नियमांत ‘ए’ मोटरला किमान १०० फूट आणि ‘सी’ला ४०० फूट मोकळं मैदान सांगितलंय. आपल्याकडे धान कापल्यावर बांध्या मोकळ्या होतात खऱ्या, पण तेव्हाच तणस आणि पुंजणे वाळलेले असतात. जळत्या मोटरीसाठी ती जागा नाही. पाण्याच्या रॉकेटला मात्र तीच बांधी उत्तम, फक्त वरून विजेच्या तारा जात नाहीत ना एवढं बघून घ्या.