चार्ल्स बॅबेजचे अपुरे यंत्र

१८२१ साली एके दिवशी लंडन शहरात दोन तरुण मित्र टेबलाशी समोरासमोर बसले होते. एकाचे नाव चार्ल्स बॅबेज आणि दुसऱ्याचे जॉन हर्शेल. दोघेही केंब्रिजला बरोबर शिकलेले व गणितात निष्णात. ज्योतिषशास्त्राच्या कामासाठी त्यांनी आकड्यांची काही कोष्टके तयार करवून घेतली होती. चूक राहू नये म्हणून तीच गणिते दोन निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे केली होती. आता एकाने आकडा वाचावयाचा आणि दुसऱ्याने आपल्या हातातील कागदाशी तो ताडून पाहावयाचा, असे काम चालले होते. दोन्ही कागद तंतोतंत जुळावयास हवे होते. पण ते जुळत नव्हते. चुकांमागून चुका निघू लागल्या. अखेर बॅबेज वैतागून म्हणाला, ही गणिते वाफेच्या शक्तीने झाली असती तर किती बरे झाले असते! हर्शेलने शांतपणे उत्तर दिले, की तसे होणे अगदी शक्य आहे.

ते शब्द बॅबेजच्या मनात असे काही रुजले, की पुढील पन्नास वर्षे त्याला दुसरे काही फारसे सुचले नाही.

मुलांनो, कोष्टकातील एका चुकीने एवढे वैतागण्यासारखे काय आहे, असे तुम्हांला वाटेल. परंतु त्या काळी भर समुद्रात चाललेल्या जहाजाच्या कप्तानाला आपण कोठे आहो हे कळण्यास सूर्यचंद्राचे वेध आणि छापील कोष्टकांचे पुस्तक, एवढाच आधार असे. पुस्तकातील एखादा आकडा चुकला, तर गलबत खडकाच्या दिशेने जाण्यास वेळ लागत नसे. शिवाय चूक एकाच ठिकाणी होते असेही नाही. गणित करणारा चुकतो, उतरवून घेणारा चुकतो, आणि ह्या दोघांतून जे वाचले ते छापखान्यात खिळे जुळविताना बिघडते. अशी गणिते दिवसभर करीत बसणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणत असत. आज आपण संगणकाला जे नाव देतो, ते मुळात यंत्राचे नव्हते. मान मोडून आकडेमोड करणाऱ्या माणसाचे होते.

फ्रान्समध्ये ह्याच सुमाराच्या थोडे आधी एक मोठा प्रयोग झाला होता. तेथील राज्यक्रांतीनंतर प्रोनी नावाच्या अभियंत्याकडे प्रचंड कोष्टके रचण्याचे काम आले. त्याने माणसांच्या तीन तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीत मोजके थोर गणिती होते. कोणते सूत्र वापरावे एवढेच त्यांनी ठरवावयाचे. दुसरीत सात-आठ जाणकार होते. सूत्रावरून कामाचा आराखडा त्यांनी आखून द्यावयाचा. तिसऱ्या तुकडीत साठ-सत्तर माणसे होती, आणि त्यांना बेरीज व वजाबाकी ह्यांपलीकडे काही येत नसले तरी चालत असे. बॅबेजने ह्या योजनेची हकीकत जाणून घेतली तेव्हा त्याच्या लक्षात आले, की तिसऱ्या तुकडीचे काम करण्यास माणूस मुळी लागतच नाही.

केवळ बेरजेने अवघड कोष्टक कसे तयार होते, हे आपणही पाहू. वहीवर ओळीने वर्गसंख्या लिहा: १, ४, ९, १६, २५. आता प्रत्येक संख्येतून तिच्या मागची संख्या वजा करा. उत्तरे येतील ३, ५, ७, ९. ह्या उत्तरांवर पुन्हा तेच करा. आता येतील २, २, २. दुसरे अंतर सदैव दोनच राहते! म्हणजे यापुढील वर्ग काढावयाचा असेल तर गुणाकाराची गरज नाही. ९ मध्ये २ मिळवा, ११ झाले. २५ मध्ये ११ मिळवा, ३६ झाले. सहाचा वर्ग हाती आला. घनसंख्यांना हीच रीत लावून पाहा. तेथे दोनऐवजी तीन पायऱ्या उतराव्या लागतील आणि तळाशी सदैव ६ सापडेल. चौथ्या घाताला चार पायऱ्या, पाचव्याला पाच. पायऱ्या वाढल्या तरी काम बेरजेचेच.

बेरीज मात्र दातेरी चाकांनी करता येते. एका चाकावर ० पासून ९ पर्यंत आकडे कोरावे. तीन मिळवावयाचे असतील तर चाक तीन दाते पुढे सरकवावे. नवावरून शून्यावर जाताना त्याने शेजारच्या चाकाला एक दाता पुढे ढकलावे. हा झाला आपला ‘हातचा एक’. अशी चाके एकावर एक रचून एक खांब उभा केला की त्यात एक मोठी संख्या मावते, आणि शेजारी शेजारी असे खांब उभे केले की एका खांबातील संख्या दुसऱ्यात मिळविता येते. दांडा फिरवावा आणि कोष्टकातील पुढचा आकडा समोर यावा, अशी ही योजना होती. एवढेच नव्हे, तर उत्तराचा ठसाही यंत्रानेच उठवावा, म्हणजे खिळे जुळविणाऱ्याच्या हातून चूक होण्यासही जागा उरणार नाही. बॅबेजने ह्या यंत्राला ‘डिफरन्स एंजिन’ असे नाव दिले. आपण त्याला अंतरयंत्र म्हणू.

१८२२ साली त्याने एक लहानसा नमुना करून दाखविला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने पंधराशे पौंड मंजूर केले. जोसेफ क्लेमंट नावाच्या कुशल कारागिराकडे काम सोपविण्यात आले. यंत्राला सुमारे पंचवीस हजार सुटे भाग लागणार होते, आणि त्यांतील शेकडो भाग हुबेहूब एकसारखे असावयास हवे होते. त्या काळी एकसारखे भाग घडविणारी यंत्रेच नव्हती. म्हणून आधी ती हत्यारे व यंत्रे घडविणे भाग पडले. वर्षे जाऊ लागली. १८२७ ह्या एकाच वर्षी बॅबेजचे वडील, पत्नी व दोन मुलगे मृत्यू पावले. तो काही काळ परदेशी निघून गेला. परत आला तो पुन्हा कामाला लागला.

१८३२ साली यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जुळवून तयार झाला. तो उत्तम चालत असे. बॅबेज आपल्या घरी थोरामोठ्यांना मेजवानीस बोलावी आणि हा तुकडा दाखवी. यंत्र बराच वेळ दोनदोनने वाढणाऱ्या संख्या दाखवीत राही, आणि मग अकस्मात भलतीच संख्या पुढे येई. पाहुणे म्हणत, यंत्र बिघडले! बॅबेज हसून सांगे, की बिघडले काहीच नाही. अमुक वेळा दांडा फिरल्यावर नियम बदलावा, असे मी आधीच त्याला सांगून ठेवले होते.

ह्यानंतर मात्र सारे फिसकटले. कारखाना बॅबेजच्या घराजवळ हलवावयाचा होता. त्याच्या भरपाईवरून क्लेमंटशी तंटा झाला आणि १८३३ साली काम थांबले. कारागिराने घडविलेली हत्यारे कारागिराचीच, असा त्या धंद्यातील रिवाज होता. त्यामुळे ज्यांच्यावर सरकारचा पैसा खर्च झाला होता ती हत्यारे क्लेमंटकडेच राहिली. सारा दोष क्लेमंटवर टाकणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्याने केलेले काम अव्वल दर्जाचे होते. त्याच्याच कारखान्यात काही काळ राबलेल्या व्हिटवर्थने पुढे सबंध इंग्लंडला एका मापाचे स्क्रू दिले. बॅबेजचाही स्वभाव सोपा नव्हता. त्याला कोणाशी पटवून घेणे जमत नसे. रस्त्यावर बाजा वाजविणाऱ्यांशीदेखील त्याने अनेक वर्षे भांडण मांडले, आणि ते कळल्यावर लोक मुद्दाम त्याच्या खिडकीखाली येऊन बाजा वाजवू लागले! १८४२ साली सरकारने ह्या कामातून अंग काढून घेतले. तोवर सतरा हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती, आणि यंत्र पुरे झालेले नव्हते.

सरकारच्या कंटाळ्याला आणखी एक कारण होते. पहिले यंत्र अर्धवट असतानाच, १८३४ सालापासून, बॅबेजच्या डोक्यात त्याहून फार मोठे असे दुसरे यंत्र घोळू लागले होते. अंतरयंत्राला एकच विद्या येत होती, बेरजेची. नव्या यंत्राने सांगाल ते गणित करावयाचे होते. त्याला त्याने ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’ म्हणजे विश्लेषक यंत्र असे नाव दिले. त्याचे दोन मुख्य भाग होते आणि त्यांची नावे आपल्या ओळखीची आहेत: कोठार आणि गिरणी. कोठारात संख्या साठवावयाच्या, गिरणीत त्या दळावयाच्या, आणि आलेले पीठ, म्हणजे उत्तर, पुन्हा कोठारात ठेवावयाचे.

पण कोणती संख्या केव्हा काढावयाची आणि तिचे काय करावयाचे, हे यंत्राला सांगावे कसे? ह्याचे उत्तर बॅबेजला विणकरांच्या मागात सापडले. फ्रान्समधील लियाँ शहरी जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली असा माग तयार केला होता, की त्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असे. जेथे छिद्र असेल तेथील धागा वर उचलला जाई, जेथे नसेल तेथील खालीच राही. पुठ्ठा बदलला की उचलले जाणारे धागे बदलत, आणि नक्षी आपोआप उमटे. सोलापूरच्या चादरींवर वेलबुट्टी दिसते, तीही जॅकार्डच्याच पद्धतीने विणलेली असते. जॅकार्डची एक रेशमी तसबीर अशाच मागावर सुमारे चोवीस हजार पुठ्ठे वापरून विणण्यात आली होती. तिची एक प्रत बॅबेजजवळ होती. त्याने ठरविले, की आपल्या यंत्रालाही पुठ्ठ्यांनीच आज्ञा द्यावयाच्या. आलेले उत्तर शून्याहून कमी की अधिक हे पाहून यंत्राने पुढची वाट निवडावी, किंवा मागील पुठ्ठे पुन्हा फिरवून तेच काम पुन्हा करावे, अशीही सोय त्याने आखली. शंभर वर्षांनी जे संगणक झाले, त्यांच्या कामाची मुळे येथे आहेत.

हे सारे ज्या थोड्या लोकांना उमगले, त्यांत एक तरुण स्त्री होती. तिचे नाव एडा. कवी बायरन ह्याची ती कन्या. १८३३ साली वयाच्या सतराव्या वर्षी तिने बॅबेजच्या घरी तो यंत्राचा तुकडा पाहिला आणि त्यामागील गणित जाणून घेण्याचा तिला ध्यास लागला. पुढे ती लव्हलेसची उमरावीण झाली, संसारात पडली, तरी तिचा अभ्यास सुटला नाही. तिला गणित शिकविणारा ऑगस्टस डी मॉर्गन हा आपल्या देशात, मदुराईस जन्मलेला गणिती होता, हे सहज लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८४० साली बॅबेजने इटलीतील तुरिन शहरी आपल्या नव्या यंत्राविषयी व्याख्याने दिली. तेथील मेनाब्रेआ नावाच्या अभियंत्याने त्यावर फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला. एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट झाल्या! १८४३ साली त्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा खाली फक्त तिची आद्याक्षरे होती. शेवटच्या टिपेत ‘बर्नुली संख्या’ नावाच्या अवघड संख्या यंत्राने कशा काढाव्या, ह्याची पायरीपायरीने मांडणी आहे. ह्यात बॅबेजचा वाटा किती आणि एडाचा किती, ह्यावर पंडितांत वाद आहे. मात्र तिने आपली एक गंभीर चूक पकडली, हे बॅबेजने स्वतः लिहून ठेवले आहे.

माझ्या मते त्या टिपांतील खरी मोलाची गोष्ट निराळीच आहे. बॅबेज यंत्राकडे पाही तेव्हा त्याला संख्या दिसत. एडाला दिसले ते हे, की चाकावरील आकडा म्हणजे नेहमी संख्याच असली पाहिजे असे नाही. तो आकडा एखाद्या स्वरासाठी मांडला, आणि स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसविता आले, तर हेच यंत्र संगीतदेखील रचू शकेल. आज संगणकावर आपण चित्रे पाहतो, गाणी ऐकतो, पत्रे लिहितो, ती सर्व आतून आकड्यांचीच असतात. तथापि तिने एक मर्यादाही घालून दिली होती: यंत्र स्वतः होऊन नवे काही निर्माण करणार नाही, आपल्याला जे सांगता येते तेवढेच ते करील. ह्या मताचा प्रतिवाद १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग ह्या गणित्याने केला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

एडा १८५२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारली. विश्लेषक यंत्र कागदावरच राहिले. १८४७ ते १८४९ ह्या काळात बॅबेजने अंतरयंत्राचा दुसरा, अधिक साधा व सुटसुटीत आराखडा काढला आणि तो सरकारला देऊ केला. सरकारने तो नाकारला. स्वीडनमधील शॉइट्स नावाच्या पितापुत्रांनी बॅबेजच्या कल्पनेवरून एक लहान यंत्र १८५३ साली पुरे केले, तेव्हा ह्या भांडखोर माणसाने त्यांचा मत्सर केला नाही. उलट त्यांची मनापासून वाखाणणी केली. १८७१ च्या ऑक्टोबरात बॅबेजचा अंत झाला. एका बुद्धिमान माणसाने आयुष्य फुकट घालविले, असे तेव्हा पुष्कळांना वाटले.

त्याचे आराखडे मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले होते. त्यांवरून यंत्र चालले असते की नाही, हे नुसते कागद पाहून कोणालाच सांगता येईना. म्हणून १९८५ साली संग्रहालयाने ते बांधूनच पाहण्याचे ठरविले. भाग घडविताना आजची यंत्रे वापरली. परंतु बॅबेजच्या काळी साधली असती त्याहून अधिक अचूकता घ्यावयाची नाही, असा दंडक घालून घेतला. आराखड्यात काही चुका निघाल्या, पण दुरुस्त करता येणार नाही अशी एकही नव्हती. सुमारे चार हजार भाग जोडले गेले आणि चाकांचे खांब उभे राहिले.

१९९१ च्या नोव्हेंबर महिन्यात, बॅबेजच्या दोनशेव्या जन्मदिनास महिनाभर उरला असता, यंत्राला एक पूर्ण कोष्टक घातले गेले. ते होते सातव्या घाताचे, म्हणजे सात पायऱ्या उतरण्याचे. दांडा फिरू लागला, हातचे एकामागून एक सरकू लागले, आणि कोष्टकातील पहिले शंभर आकडे बाहेर पडले. एकही चुकला नव्हता. उत्तरे छापणारा भाग तेव्हा बांधावयाचा राहिला होता. तो २००२ साली पुरा झाला.