गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द

पूर्वी दुकान कोठे थाटले आहे, याला फार महत्त्व असे. पेठेतल्या मोक्याच्या जागी गिऱ्हाईक आपोआप येई. बोळातला दुकानदार वाट पाहत बसे. आज पुष्कळ गिऱ्हाइके घराबाहेर पडण्यापूर्वी मोबाईलवर गूगलला विचारतात. तेव्हा गूगलचे पहिले पान हीच नवी मोक्याची जागा म्हणावी लागेल. भांडवल नसलेल्या नवख्या उद्योजकाला ती मिळेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम सर्च इंजिनचे काम कसे चालते ते पाहू. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची सूची ते अगोदरच करून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. आपण शब्द टाकला की योग्य वाटतील ती पाने क्रमाने पुढे येतात. हा क्रम पैशाने विकत मिळत नाही. जाहिरातीची जागा मात्र निराळी. तेथे शब्दांचा लिलाव होतो आणि दर टिचकीला पैसे पडतात. ही पद्धत १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू या कंपनीने आणली. गूगलने ती २००२ साली स्वीकारली. ज्या शब्दावर बोली लावणारे अधिक, त्याचा भाव साहजिकच अधिक.

याचा अनुभव आमच्या घरी आला. माझे वडील कोल्हापुरी चपला करतात. थोरल्या भावाने त्या विकण्यासाठी वेबसाइट काढली आणि 'चप्पल' या शब्दावर जाहिरात दिली. साठवलेले पैसे आठवड्यात संपले. विकला गेला एकच जोड. कारण उघड आहे. 'चप्पल' असे शोधणाऱ्यांत कोणाला रबरी चप्पल हवी असते, कोणाला नुसते चित्र, तर कोणाला तुटलेला अंगठा शिवून घ्यायचा असतो.

दादाचे गाऱ्हाणे ऐकून आबा म्हणाले, "दुकानात येऊन नुसती 'चप्पल' मागतंय कोण?"

खरेच होते. लोक विचारतात, 'रुंद पायाला बसेल काय?', 'करकर वाजणारी आहे का?', 'नवरदेवासाठी कापशी दाखवा.' मी त्या रात्री आबांना विचारून असे प्रश्न वहीत उतरवले. दादाने एकेका गरजेसाठी एकेक पान केले. रुंद पायाच्या पानावर कागदावर पाऊल ठेवून माप कसे घ्यावे, हे चित्रासह सांगितले. पुढे येणारी माणसे थोडी होती. पण ती घेण्यासाठीच आलेली होती.

यामागील तत्त्व क्रिस अँडरसन यांनी २००४ साली 'वायर्ड' मासिकातील लेखात मांडले. थोड्या लोकप्रिय वस्तूंमागे असंख्य कमी खपाच्या वस्तूंची 'लांब शेपटी' असते आणि तिची एकूण बाजारपेठ लहान नसते. शोधशब्दांचेही तसेच आहे. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच न झालेले असतात, असे गूगलने सांगितले आहे. हे सारे शब्द कोणतीही बडी कंपनी अगोदर अडवून ठेवू शकत नाही.

येथे काही पथ्ये पाळावी लागतात. शब्द इतका बारीक नसावा की तो कोणी शोधतच नाही. एकच शब्द पानावर पुन्हापुन्हा कोंबू नये. गूगल ते गैर मानते. आपली माणसे मराठी शब्द रोमन लिपीतही टाइप करतात, हे विसरू नये. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानावर आले, हे 'सर्च कन्सोल' या मोफत साधनात दिसते. आणि पान जे सांगते तो माल हाती असलाच पाहिजे.

नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. मोघम शब्दात बहुधा इच्छा असते. नेमक्या शब्दात मागणी असते. माझ्या वडिलांना लिहितावाचता येत नाही. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण जो शब्द आम्ही संगणकावर शोधत होतो, तो चाळीस वर्षे त्यांच्या कानावर पडत होता. तो कागदावर उतरवणे एवढेच माझ्या शिक्षणाचे काम होते.