जाड झालेला कुत्रा : मायेलाही मात्रा हवी

वस्तीतला कुत्रा बहुधा एका घराचा नसतो. सकाळी एका दारात चहाबरोबर बिस्किट, दुपारी दुसऱ्या दारात चपाती, संध्याकाळी मुलांच्या हातचे फरसाण आणि रविवारी मटणाचे उरलेसुरले. प्रत्येक घराला वाटते, आपण थोडेच दिले. ज्या आजी-आजोबांनी उपासमार पाहिली, त्यांना शिळी भाकर टाकवत नाही आणि दारातला मुका जीव उपाशी बघवत नाही. ही करुणा खरीच आहे. पण तिला मात्रा नसेल तर तिचे ओझे त्या जिवाच्या अंगावर चढते. जाड कुत्र्याचे सांधे लवकर दुखतात, त्याला धाप लागते, उन्हाळ्यात उष्माघाताचा धोका वाढतो. मग उपचाराचा खर्चही आपल्यालाच पेलावा लागतो.

अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले होते. ही सडपातळ कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा झाली.

राजा पसेनदीची गोष्ट

संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खाई. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भोजनात मात्रा ओळखणाऱ्या जागरूक माणसाचे दुःख कमी होते आणि आयुष्य जपले जाते, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर सडपातळ झाले.

राजा उपाशी राहिला नाही, त्याने आहार हळूहळू कमी केला, आणि आठवण द्यायला माणूस ठेवला. कुत्र्याच्या बाबतीतही हेच करायचे आहे. फरक एवढाच की कुत्र्याला स्वतःची मात्रा ठरवता येत नाही, ती आपणच ठरवायची.

जाड झाला हे कसे ओळखावे?

1. बरगड्यांवरून हात हलकेच फिरवा. बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त आहे.
2. वरून पाहा. बरगड्यांच्या मागे कंबर बारीक दिसली पाहिजे.
3. बाजूने पाहा. पोट मागच्या पायांकडे वर गेलेले हवे, लोंबणारे नको.

वजनासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपले वजन वजा करा.

हिशेब मांडू या

समजा कुत्रा 24 किलोचा आहे आणि तो 18 किलोचा असायला हवा. 18 ला 30 ने गुणून त्यात 70 मिळवले की 610 येतात. वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण एवढ्या कॅलरींपासून सुरुवात करतात. आता वस्तीचे वाढप बघा. एका ग्लुकोज बिस्किटात सुमारे 20 ते 25 कॅलरी, म्हणजे दहा बिस्किटांच्या दोनशेवर गेल्या. दोन चपात्यांच्या दोनशे. म्हशीच्या दुधाच्या एका पेल्याच्या जवळजवळ दोनशे. दिवसाचा कोटा इथेच संपला. मटणाची चरबी आणि फरसाण तर अजून मोजलेच नाही.

काय करावे?

• सकाळी दिवसभराचे अन्न एका डब्यात काढा. जो कोणी काही देईल, त्याने त्या डब्यातलेच द्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे खाणे संपले. डबा दोन वेळांत वाटून द्या.
• शेजारच्या घरांशी बोला. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला या कामाचा ‘सुदस्सन’ करा. डबा सांभाळणे आणि दर आठवड्याला वजन वहीत लिहिणे हे त्याचे काम.
• बिस्किटे, तळलेले पदार्थ, गोड आणि चरबी आधी बंद करा. उकडलेले अंडे किंवा कातडी काढलेले चिकन, थोडी चपाती किंवा भात, आणि उकडलेला दुधी, लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी द्या. मीठ-मसाला घालू नका. भाजीने पोट भरते आणि कॅलरी थोड्याच जातात.
• कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. शिजलेली हाडेही देऊ नका, ती तुकडे होऊन आतड्यात रुततात.
• पाणी कायम भरलेले ठेवा.
• ऊन चढण्याआधी आणि उतरल्यावर फिरवा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत, मग वाढवा. रस्त्यावर आपला तळहात टेकवून बघा. चटका बसत असेल तर त्याच्या पायांनाही बसणार.

आठवड्याला वजनाच्या एक टक्का घट योग्य. 24 किलोच्या कुत्र्याला ती सुमारे पाव किलो. सहा किलो उतरायला सहा महिने लागतील. घाईने उपाशी ठेवू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

खाणे न वाढताही कुत्रा जाड होत असेल, केस गळत असतील, तो सुस्त पडून राहत असेल, फार पाणी पीत असेल किंवा पोट एकाएकी फुगले असेल, तर ती निव्वळ चरबी नसते. थायरॉइड किंवा दुसरा आजार असू शकतो. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. पिल्ले आणि गाभण कुत्री यांचा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. नसबंदीनंतर कुत्र्याला अन्न थोडे कमी लागते, म्हणून तेव्हापासूनच डबा लहान करा. जाड होईल या भीतीने नसबंदी टाळू नका.

तो शेपूट हलवत ताटाकडे बघू लागला की प्रत्येक वेळी त्याला भूक असतेच असे नाही. कित्येकदा त्याला आपली सोबत हवी असते. अशा वेळी बिस्किटाऐवजी पाठीवरून हात फिरवा, गल्लीतून एक फेरी मारून आणा. मैत्री भावना तिथेही पोहोचते.

जय भीम! नमो बुद्धाय!