गोडाची ओढ आणि सकाळची न्याहारी

आगाशी,
रविवार, सकाळ

चि. मनूस,


तू उपाशीपोटी विरार लोकल पकडतेस आणि अंधेरी येईपर्यंत तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हे ताईकडून कळलं तेव्हाच तुला लिहायचं ठरवलं. त्यात तुझा प्रश्नही आला: ओट्स रात्री भिजवून त्याला चीजकेकची, चॉकलेटची चव देतात, तसं खाल्लं तर चालेल का? चालेल. चर्चगेटपर्यंतच्या 60 किलोमीटरच्या उभ्या प्रवासाला पोटात आधार हवाच, आणि सकाळी गॅस न पेटवता तो मिळत असेल तर उत्तमच. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की कर. पक्वान्नाकडून स्वाद घ्यायचा, साखर घ्यायची नाही.

श्रीखंड आठवलं की काय आठवतं? चक्क्याचा आंबटपणा, वेलची, जायफळ, केशर. साखर वेगळी आठवत नाही, पण भांड्यात ती चक्क्याच्या जवळपास बरोबरीने पडलेली असते. पाडव्याला ते शोभतं, रोजच्या न्याहारीला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, जेमतेम पाच-सहा चमचे. मध आणि गूळही त्यातच धरायचे. तुझे दिवसाचे तीन चहा त्यातले निम्मे चमचे घेऊन जातात. वर बिस्किटांचा चुरा आणि चॉकलेटचा थर आला, तर ती न्याहारी राहत नाही.

ओट्स रात्री भिजवण्याची ही पद्धत मुळात गोडधोडाची नव्हतीच. झुरिकच्या बिर्शर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी 1900 च्या सुमारास ती आपल्या रुग्णांसाठी सुरू केली. रात्रभर भिजवलेले ओट्स चमचाभरच, सफरचंद मात्र अख्खं किसलेलं, त्यात लिंबाचा रस, थोडं आटवलेलं दूध आणि सुकामेवा. म्हणजे गोडी मुख्यतः फळाची होती. आपणही तोच रस्ता धरू, फळ मात्र आपल्या मातीतलं घेऊ.

आता प्रमाण सांगते. जाड, चपटे ओट्स घे. पाकिटावर ‘रोल्ड’ लिहिलेले असतात. ते वाफवून मग दाबलेले असल्यामुळे पोह्यांसारखे नुसते भिजवूनही खाता येतात. ‘इन्स्टंट’ ओट्सचा सकाळपर्यंत लगदा होतो आणि ‘स्टील कट’ कचकचीत राहतात. मसाला ओट्सची पाकिटं या कामाची नाहीत. एका वेळेला 40 ग्रॅम ओट्स, म्हणजे साधारण अर्धा कप, त्यात अर्धा कप तापवून गार केलेलं दूध, दोन मोठे चमचे दही, चमचाभर सब्जा आणि चिमूटभर मीठ. शिऱ्यात घालतो त्याच कारणासाठी इथेही मीठ घालायचं: गोडी उठून येते. ढवळून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेव. ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो. त्यानेच सकाळी मिश्रण दाट होतं आणि पोटही बराच वेळ भरलेलं राहतं.

पहिला प्रकार आपल्या सुकेळ्यांचा कर. इथे आगाशीत सुकेळी करणारी घरं आता थोडी उरली आहेत. पूर्ण पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी उचलून आत घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. काही दिवसांत केळं आक्रसतं, रंग तांबूस-तपकिरी होतो आणि अंगावर चिकटसर तकाकी येते. मग ती वाळक्या पानात बांधतात. असं एक सुकेळं बारीक चिरून रात्रीच ओट्समध्ये घाल. सकाळी तुकडे मऊ झालेले असतील आणि त्यांची गोडी दुधात उतरलेली असेल. वर वेलची आणि चार बदाम. ही शिकरणीची चव आहे, आणि तिला साखरेचा एक दाणाही लागत नाही.

श्रीखंडाच्या चवीसाठी साध्या दह्याऐवजी चक्का, दोन काड्या केशर, जायफळ आणि चारोळी. गाजर हलव्यासाठी किसलेलं गाजर चमचाभर तुपात परतून घे आणि त्यात मनुका टाक. मोदकासाठी ओलं खोबरं आणि अगदी थोडा गूळ, पण खोबरं सकाळीच घाल, रात्री घातलं तर वास येण्याची भीती. घोलवडचे चिकू मिळाले तर तेही सकाळीच चिरून घाल. अननस मात्र कच्चा घालू नकोस. त्याच्यामुळे दूध-दही कडवट होतं.

आपल्याकडची हवा दमट. त्यामुळे डबा रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, आणि रात्री बराच वेळ वीज गेली तर सकाळी वास घेत बसू नकोस, सरळ टाकून दे. गाडीत नेणार असशील तर काचेची बरणी नको. त्या गर्दीत स्टीलचा घट्ट झाकणाचा डबाच बरा. फ्रीजमधून काढल्यावर दोन तासांच्या आत खायचं. शक्य असेल तर घरातूनच खाऊन निघ. दहा मिनिटं बसून खाल्लेलं अंगी लागतं.

आणि ओट्स आले म्हणून घरच्या न्याहारीला सुट्टी देऊ नकोस. आठवड्यातून दोन-तीन दिवस ओट्स पुरेत. बाकी दिवस दहीपोहे, नाचणीची आंबील, रात्रीची भाकरी आणि दूध. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ते तुला हवंच आहे, आणि खिशालाही ती परवडते.

तुझ्या बाबांनाही हे आवडेल, पण त्यांना मधुमेह आहे. सुकेळ्यात साखर आटून आलेली असते, म्हणून त्यांच्या वाटीत ते घालू नकोस. चक्का, बदाम, वेलची एवढंच पुरे. पहिल्यांदा दिल्यावर दोन तासांनी त्यांची साखर तपास आणि तो आकडा त्यांच्या डॉक्टरांना दाखव. मग किती द्यायचं ते ठरव.

पुढच्या रविवारी ये. सुकेळ्यांचा पुडा बांधून ठेवते. ताईला आणि बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी