खवळलेला समुद्र आणि मनाची नाव

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७



भटकणाऱ्या इंद्रियांपैकी एकाच्याही मागे मन गेलं, तर ते माणसाची बुद्धी ओढून नेतं, वारा पाण्यावरच्या नावेला नेतो तसं. इंद्रिय एकच पुरतं, हे लक्षात घ्या.

भर पावसाळ्यात मुंबई बघायला गेलेल्या पुणेकराला हे लगेच पटेल. समजा, आईला घारापुरीची लेणी दाखवायची म्हणून सकाळची डेक्कन क्वीन पकडली. गेटवेला पोचल्यावर कळलं, समुद्र खवळलाय, लाँच बंद! मग "तरी मी सांगत होतो" सुरू होतं. लाँच धक्क्यालाच बांधलेली असते, वाहून जातं ते आपलं मन. आणि बोलणी कोण खातं? जिच्यासाठी बेत केला, ती आईच.

घारापुरीच्या सदाशिवाची समोरून तीन मुखं दिसतात. एक उग्र, एक सौम्य आणि मधलं अगदी शांत. राग त्या मूर्तीतही आहे, पण मधोमध शांती आहे.

पुढच्याच श्लोकात भगवंत म्हणतात, ज्याची इंद्रियं आवरलेली, त्याची बुद्धी स्थिर. वादळात बांधून ठेवलेली नावच शाबूत राहते. मन स्थिर असेल तर पुढचंही सुचतं : गेटवेजवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, घारापुरीची काही शिल्पं तिथेही आहेत.

आजचा अभ्यास : बेत फिसकटला, की तोंड उघडण्याआधी एकदा नाम घ्या. मग बोला.