घरच्या घरी व्यायाम आणि भाकरीचा आहार

आपल्या समाजात शिक्षणाचे महत्त्व आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. जयंतीच्या निमित्ताने विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटतो. परंतु अठरा तास बसायचे तर पाठ, मान आणि डोळे यांनीही साथ दिली पाहिजे, हा विचार मात्र फारसा होत नाही. परमपूज्य बाबासाहेबांना आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने ग्रासले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते अवघे ६५ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता, विश्रांतीला वेळ नव्हता. आपल्याला तशी सबब सांगता येणार नाही. म्हणूनच पैसा न लागता घरच्या घरी शरीर कसे राखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका पिढीत झालेला बदल

आपल्यापैकी बहुतेकांच्या आजी-आजोबांनी शेतमजुरी केली, ओझी वाहिली, दगड फोडले. आज अनेक जण कार्यालयात, शाळेत, दुकानात काम करतात. बँकेच्या काउंटरमागे बसणारे आम्ही लोक दिवसाचे सहा-सात तास खुर्ची सोडत नाही. मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार उभा असतो, फेऱ्या मारतो. पण त्याचेही ठरावीक स्नायूच राबतात. श्रम आणि व्यायाम यांत हाच फरक आहे. श्रमात एकच हालचाल हजारो वेळा होते आणि विसावा आपल्या हाती नसतो. व्यायामात सर्व अवयवांना मोजका ताण मिळतो आणि मधली विश्रांती आपण ठरवतो. म्हणून 'दिवसभर काम करतो, मग व्यायाम कशाला?' हा प्रश्न बरोबर नाही.

बसून राहण्याचे आणि बदललेल्या खाण्याचे परिणाम आज दिसत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता केवळ श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

भाकरीची लाज कशाला?

आपल्या कसमादे भागातले जुने जेवण म्हणजे बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, मठाची उसळ, अंबाडीची नाहीतर तांदुळज्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. घरात पगार येऊ लागला तसे हे अन्न मागे पडले. पांढरा भात, पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे आणि दिवसातून पाच वेळा गोड चहा आला. भाकरी म्हणजे गरिबी, ही समजूत त्यामागे होती. ती समजूत उगाच झालेली नव्हती. जुन्या काळी भाकरीही पोटभर मिळत नव्हती. शिळ्यापाक्यावर दिवस काढावे लागत. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण दोष उपासमारीचा होता, बाजरीचा नव्हता. आपण उपासमार टाकली हे योग्यच केले. तिच्याबरोबर बाजरीही टाकली, ही मात्र गफलत झाली.

धान्याच्या दाण्याला तीन भाग असतात : वरचा कोंडा, आतला अंकुर आणि पिठूळ गाभा. कोंड्यात तंतू आणि खनिजे असतात, अंकुरात जीवनसत्त्वे व स्निग्धांश. दाणा पॉलिश केला किंवा त्याचा मैदा केला की बहुतांशी गाभाच उरतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर डॉ. आइकमन यांना असे दिसले की पॉलिशच्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. यातूनच पुढे 'ब१' जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले तक्ते पाहा. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅम तंतू आणि ६ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅमहून कमी तंतू आणि १ मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. तंतूंमुळे अन्न सावकाश पचते आणि रक्तातील साखर एकदम चढत नाही.

भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते कडधान्यात मिळते आणि कडधान्यात जे कमी असते ते धान्यात. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळला जातो, त्यामागे हाच गुण आहे. बाजरीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये. तरुणांनी प्रथिनांच्या महागड्या डब्यांमागे लागू नये. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळ, फुटाणे, शेंगदाणे, दही, अंडी यांतून ती सहज मिळतात.

चांगले अन्नही किती खावे, याला मर्यादा आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी आहाराच्या मात्रेचे भान ठेवण्याचा उपदेश केला. राजाने ती गाथा सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणण्यास सांगितले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. येथे 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. राजाने उपास केला नाही. रोज आठवण ठेवली.

व्यायाम : साधने शरीर आणि भिंत

पूर्वी तालमीचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते; स्त्रियांना तर नव्हतेच. आज व्यायामशाळेची फी सर्वांना परवडत नाही. घरच्या व्यायामाला चटईएवढी जागा पुरते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पुढील पाच प्रकार करावेत.

१. बैठका : प्रथम खुर्चीवर बसून हात न टेकता उठावे. जमू लागले की खुर्ची काढावी. टाचा जमिनीवर टेकलेल्या असाव्यात.

२. जोर : प्रथम भिंतीला हात टेकून, मग पायरीला, शेवटी जमिनीवर. कंबर खाली झुकू देऊ नये.

३. ओढणे : पिशवीत पुस्तके किंवा धान्य भरावे. पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकावे आणि पिशवी पोटाकडे ओढावी. बसून काम करणाऱ्यांच्या पाठीसाठी हा प्रकार फार उपयोगी आहे.

४. कंबर उचलणे : उताणे झोपून गुडघे वाकवावेत, कंबर वर उचलून दोन अंक मोजेपर्यंत धरावी.

५. फळी : कोपर आणि पायांची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरावे. सुरुवात १० सेकंदांनी करावी.

पहिले चार प्रकार प्रत्येकी आठ वेळा, पाचवा एकदा, ही झाली एक फेरी. अशा दोन फेऱ्यांपासून सुरुवात करून तीनवर जावे. दर आठवड्याला प्रत्येक प्रकारात एकदा वाढवावे. बारा वेळा सहज जमले की पुढची अवघड पायरी घ्यावी. हे बँकेतील आवर्ती ठेवीसारखे आहे. हप्ता लहान चालेल, पण चुकवू नये. श्वास कोंडून धरू नये. जोर लावताना सोडावा. उरलेल्या दिवशी चाळीस मिनिटे भरभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले आठवड्याचे किमान १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम एवढ्यात साधतो. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवातीलाच सल्ला घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, पोलीस भरतीची जाहिरात निघाल्यावर महिनाभर धावून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा आजच पहिल्या भिंतीच्या जोरापासून सुरुवात करा. अभ्यासातही दर तासाला उठून दहा बैठका काढा. भगिनींनाही विनंती, की घरकाम झाले म्हणजे व्यायाम झाला असे समजू नका; आणि घरातील पुरुषांनी ती वीस मिनिटे त्यांना मोकळी करून द्यावीत. आरंभी कंबरेचे माप एका वहीत लिहून ठेवावे. पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती धोक्याची सूचना समजावी. तीन महिन्यांनी पुन्हा माप घ्यावे आणि त्याच वहीत, त्याच पानावर लिहावे.