मामाचं आडनाव आणि सापशिडीचा फासा

ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवतो. पासवर्डचा विषय निघाला की सगळे कुजबुजत बोलतात. त्या कुजबुजीतून हाती लागलेलं थोडं इथे मांडतो.

१. नातवाचं नाव, ॲटचं चिन्ह, जन्मवर्ष. यात मोठं अक्षर, चिन्ह, आकडा सगळं असल्यामुळे वेबसाइट खूश होते. पण पासवर्ड फोडणारी यंत्रं हेच साचे आधी चालवून पाहतात. २००९ साली रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले. त्यांत सर्वाधिक वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. ती यादी चोरांनी अजून टाकून दिलेली नाही.

२. चिन्हांपेक्षा लांबी कामाची. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,९०० कोटी जुळण्या होतात. कंपनीने पासवर्ड कच्च्या पद्धतीने साठवले असतील, तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड काही सेकंदांत त्या सगळ्या चाळतं.

३. लांबीसाठी अनेक शब्द जोडून पासवर्ड करावा. पण ते शब्द आपण निवडू नयेत, फाशाला निवडू द्यावेत. आपण निवडले की देवघर, गाव आणि नातवंडं यांच्यापलीकडे जात नाही. अभंगाची ओळ तर नकोच, ती सगळ्यांना पाठ असते. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर ही पद्धत काढली: फासा पाच वेळा टाकायचा आणि येणाऱ्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा. असे सहा शब्द घ्यायचे. घरातला सापशिडीचा फासा चालतो. समजा विहीर, चष्मा, मुंगूस, इस्त्री असं काही निघालं, तर आमच्या वर्गातल्या आज्या लगेच त्याची गोष्ट रचतात: विहिरीत चष्मा पडला, मुंगसाने तो काढून दिला... मग तो पासवर्ड विसरत नाही. (हेच शब्द कुणी वापरू नका.) मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणार असाल तर विहीर व्हीने की डब्ल्यूने, हे एकदाच ठरवा.

४. 'आईचं माहेरचं आडनाव काय?' हा सुरक्षेचा प्रश्न ज्याने काढला, त्याने आपली लग्नपत्रिका पाहिलेली नसावी. तिच्यात मामा आडनावासकट छापलेला असतो आणि ती पत्रिका हल्ली व्हॉट्सॲपवर गावभर फिरते. उत्तर खरंच असलं पाहिजे असा कायदा नाही. तिथे 'जिलबी' लिहा. मात्र काय लिहिलं ते टिपून ठेवा.

५. दर तीन महिन्यांनी बदलायचा, या सक्तीने लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. पासवर्डचे असे नियम २००३ मध्ये लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. फुटल्याचं कळलं तर मात्र त्याच दिवशी बदला.

६. पाठ ठेवायचे दोनच: ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे बाकीचे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपचा. 'पासवर्ड विसरलात?'चा दुवा बहुतेक वेळा ईमेलवर येतो. तिथे कुणी शिरला की बाकीची बरीच खाती त्याच्या हाती जातात. मॅनेजर जमत नसेल तर वही चालेल, पण कपाटात. मोबाइलच्या कव्हरमध्ये नको. आणि ती कुठे आहे हे घरातल्या एकाला ठाऊक असू द्या. नवऱ्याच्या पश्चात वीजबिलाच्या ॲपसाठी धावाधाव करणाऱ्या बायका मी वर्गात पाहतो.